खिडकीतले अडीचशे तास : डी.फार्म.च्या विद्यार्थ्यांचं रुग्णालयातलं प्रशिक्षण कसं लावावं

आमच्या कॉलेजातल्या डी.फार्म.च्या (फार्मसी पदविकेच्या) मुलांच्या ट्रेनिंगची फाइल माझ्याकडे आली त्या वर्षी मी एकाच मोठ्या रुग्णालयात बारा मुलं पाठवली. दोनशे खाटा, दिवसभर गर्दी, परवानगीचं पत्रही चार दिवसांत हातात. मी खूश होते. तिसऱ्या आठवड्यात भेटीला गेले तर आठ जण स्टोअरमध्ये खोकी मोजत होते, दोघांना झेरॉक्सला पाठवलं होतं आणि उरलेल्या दोघी औषधाच्या खिडकीमागे भिंतीला टेकून उभ्या होत्या. त्यातल्या एकीनं हळूच सांगितलं, "मॅडम, तीन आठवड्यांत मी एकही केसपेपर हातात घेतलेला नाही." तिथल्या फार्मासिस्टना बोल लावण्यात अर्थ नव्हता. खिडकीवर मिळून माणसं दोन, आणि रांग दाराबाहेर. बारा जणांना शिकवायला त्यांनी वेळ आणायचा कुठून? नियमानं तिथे तीनच मुलं बसत होती. मी खाटा मोजल्या होत्या, फार्मासिस्ट मोजायचे राहिले होते.

ज्या प्राध्यापकांकडे यंदा पहिल्यांदा हे काम आलं आहे त्यांच्यासाठी हा लेख आहे. भर डी.फार्म.वर आहे, कारण महाराष्ट्रात तालुक्या-तालुक्यांत कॉलेजं आहेत ती याच अभ्यासक्रमाची. बी.फार्म. (पदवी) आणि फार्म.डी. (सहा वर्षांचा डॉक्टर ऑफ फार्मसी) यांच्याबद्दल शेवटाकडे थोडं लिहिलं आहे.

आधी तासांचा हिशेब मांडा

फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या शिक्षण विनियमांनुसार (आत्ताचे २०२० चे) दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेला बसल्यावर विद्यार्थ्याला प्रात्यक्षिक प्रशिक्षण करावं लागतं. ते किमान ५०० तासांचं, किमान तीन महिन्यांत पसरलेलं, आणि त्यातले किमान २५० तास प्रिस्क्रिप्शनवरून प्रत्यक्ष औषध देण्याचे. पहिले दोन आकडे सगळ्यांना पाठ असतात. तिसरा बहुतेक जण विसरतात, आणि खरं प्रशिक्षण त्या तिसऱ्या आकड्यातच आहे.

कागद-पेन्सिल घ्या. रविवार आणि सुट्ट्या वजा जाता महिन्याला कामाचे २५ दिवस, तीन महिन्यांचे ७५. मूल रोज ६ तास थांबलं तर होतात ४५०, म्हणजे ५० तास कमी. ७ तास थांबलं तर ७२ दिवसांत ५०० भरतात, पण मग आजारपणाला हातात तीनच दिवस उरतात. गणपतीत आणि घरच्या लग्नकार्यात दांड्या होणारच. म्हणून मी आराखडा साडेतीन महिन्यांचा करते आणि रुग्णालयालाही तीच तारीख देते. शेवटच्या आठवड्यात मुदतवाढीचं पत्र घेऊन धावण्यापेक्षा हे बरं.

आता खिडकी. ओपीडीच्या वेळात खिडकी जोरात चालते ते रोजचे साधारण चार तास. २५० भागिले ४ म्हणजे ६३ दिवस. याचा अर्थ ७५ पैकी ६३ दिवस मूल ओपीडीच्या वेळात खिडकीवरच हवं. स्टोअर, वॉर्डाचे इंडेंट (औषधांची मागणीपत्रं), फ्रिजच्या नोंदी, रजिस्टरं हे सगळं एक तर उरलेल्या १२ दिवसांत, नाही तर ओपीडी उलगडल्यावर. हा हिशेब रुग्णालयाच्या फार्मासिस्टसमोर मांडला की "सकाळी स्टोअरला द्या, दुपारी बघू" ही सूचना आपोआप मागे पडते.

जागा मोजा, पण फार्मासिस्टवरून

नियम सरळ आहे. ज्या कामात मूल शिकतं आहे त्या कामावर एक नोंदणीकृत फार्मासिस्ट असेल तर जास्तीत जास्त दोन विद्यार्थी, आणि पुढच्या प्रत्येक फार्मासिस्टमागे एक. म्हणजे फार्मासिस्ट जितके, त्यापेक्षा एक जास्त. मात्र आस्थापना यादीवरची पदं मोजू नका. एक जण प्रतिनियुक्तीवर असतो, एक दीर्घ रजेवर, एक पद रिक्त. खिडकीवर आणि स्टोअरला आज प्रत्यक्ष कोण उभं आहे ते मोजा.

उदाहरण घेऊ. विद्यार्थी ६०. जिल्हा रुग्णालयात प्रत्यक्ष काम करणारे सहा फार्मासिस्ट, म्हणजे ७ जागा. दोन उपजिल्हा रुग्णालयांत तीन-तीन, म्हणजे ८. चार ग्रामीण रुग्णालयांत एक-एक, म्हणजे आणखी ८. बेरीज २३. मग ६० कुठे बसवायचे? नियमात एकापेक्षा जास्त ठिकाणी प्रशिक्षण घेण्याची मुभा आहे आणि परवाना असलेलं औषध दुकानही चालतं. तेव्हा अर्धा काळ रुग्णालय आणि अर्धा काळ दुकान अशी अदलाबदल केली तर २३ जागांवर ४६ जणांना रुग्णालय बघायला मिळतं. उरलेले १४ पूर्ण काळ दुकानात. दोन ठिकाणं म्हणजे कागदपत्रं दुप्पट हे खरं, पण मला ते ओझं वाटत नाही. सरकारी रुग्णालयाच्या खिडकीवर मुलाला गर्दी, जेनेरिक नावं आणि साठ्याची तंगी कळते. दुकानात परवाना, बिल, शेड्युल एच-१ चं (विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते त्या औषधांचं) रजिस्टर आणि ब्रँडची नावं कळतात. दोन्ही हवं.

केंद्र, राज्य शासन, महापालिका किंवा राज्य कामगार विमा योजनेची रुग्णालयं चालतात. खासगी किंवा ट्रस्टचं रुग्णालय असेल तर त्याला या प्रशिक्षणासाठी कौन्सिलची मान्यता आहे का, ते पत्र डोळ्यांनी बघा. "आहे हो मॅडम" यावर जाऊ नका, फटका नोंदणीच्या वेळी मुलाला बसतो.

पत्राआधी जाऊन बसा

नवीन ठिकाण घेण्याआधी मी ओपीडीच्या वेळात खिडकीजवळच्या बाकावर अर्धा तास बसते, कोणालाही न सांगता. कळायचं ते बहुतेक तिथेच कळतं. फार्मासिस्ट केसपेपर वाचतात की नुसता नंबर बघून हात कपाटाकडे जातो? देताना तोंडानं काही सांगतात का? म्हातारं माणूस गोंधळलं तर पुन्हा सांगतात का? गोळ्या सुट्या कागदात जातात की पाकिटावर काही लिहून?

मग आत जाऊन तीन गोष्टी बघायच्या. फ्रिजमध्ये थर्मामीटर आहे का आणि आजची नोंद झाली आहे का (२ ते ८ अंश सेल्सिअस). मुदत संपलेली औषधं वेगळी, खूण करून ठेवली आहेत का. आणि मुलींसाठी वापरता येण्याजोगं स्वच्छतागृह आहे का. तिसरी गोष्ट विचारायला लोक संकोचतात. मी सगळ्यात आधी विचारते. सात तास पाणी न पिता उभ्या राहिलेल्या मुली मी पाहिल्या आहेत.

पत्र कोणाला, आणि त्यात काय

जिल्हा रुग्णालयाचं पत्र जिल्हा शल्यचिकित्सकांना. उपजिल्हा आणि ग्रामीण रुग्णालयाचं तिथल्या वैद्यकीय अधीक्षकांना, प्रत जिल्हा शल्यचिकित्सकांना. वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयाचं अधिष्ठात्यांना. महापालिकेचं आरोग्य विभागाच्या प्रमुखांना. पत्र साहेबांच्या नावानं गेलं तरी ते फिरत-फिरत "अभिप्रायासाठी" औषधनिर्माण अधिकाऱ्यांच्याच, म्हणजे तिथल्या फार्मासिस्टच्याच टेबलावर येणार आहे. म्हणून आधी त्यांना भेटा, किती मुलं झेपतील ते त्यांनाच विचारा आणि तोच आकडा पत्रात घाला. तुमचा आकडा मोठा आणि त्यांचा अभिप्राय लहान, अशी फाइल दोन महिने फिरते.

पत्र प्रशिक्षण सुरू होण्याच्या किमान तीन महिने आधी द्या, आवक नंबर घ्या आणि तो डायरीत लिहा. पुढच्या फेरीला "आमचं पत्र आलं होतं का?" असं विचारलं तर शोधाशोध सुरू होते. "तुमचा आवक क्रमांक अमुक" म्हटलं की फाइल निघते. मजकूर मी असा ठेवते:

> विषय : डी.फार्म. विद्यार्थ्यांच्या प्रात्यक्षिक प्रशिक्षणास परवानगी मिळणेबाबत.
>
> महोदय,
> आमच्या महाविद्यालयातील डी.फार्म. द्वितीय वर्षाच्या परीक्षेस बसलेल्या ४ विद्यार्थ्यांना (यादी सोबत जोडली आहे) आपल्या रुग्णालयात दि. … ते दि. … या कालावधीत प्रात्यक्षिक प्रशिक्षण घेण्यास परवानगी मिळावी, ही विनंती. प्रशिक्षण एकूण ५०० तासांचे असून त्यापैकी किमान २५० तास प्रिस्क्रिप्शननुसार औषध वितरणाचे असणे आवश्यक आहे. विद्यार्थी नोंदणीकृत फार्मासिस्टच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच काम करतील. त्यांची शिस्त, हजेरी व रुग्णांच्या माहितीची गोपनीयता याबाबत विद्यार्थी व पालकांचे हमीपत्र सोबत जोडले आहे. महाविद्यालयाचे समन्वयक दर महिन्यास किमान एकदा प्रत्यक्ष भेट देतील. प्रशिक्षण शुल्क लागू असल्यास कृपया लेखी कळवावे.

शुल्काचं वाक्य मुद्दाम आहे. शुल्क असेल तर ते कॉलेजमार्फत, पावती घेऊन भरायचं. मुलांनी कोणाच्याही हातात रोख द्यायची नाही. हे मुलांना आणि पालकांना एकत्र बसवून सांगा.

कोणाला कुठे

मार्कांप्रमाणे ठिकाणं वाटू नका. हुशार मुलं जिल्ह्याच्या गावी आणि बाकीची खेड्यावर, ही वाटणी दोन्हीकडे नुकसान करते. मी मुलांकडून एका कागदावर तीन गोष्टी लिहून घेते : राहतं गाव, तिथून कोणती एसटी किती वाजता सुटते आणि परत कधी येते, आणि घरी कोणती बोली बोलतात. शेवटचा प्रश्न वायफळ नाही. नंदुरबारच्या खिडकीवर भिलोरी-पावरी समजणारी एक मुलगी असली तर तिथल्या बायाबापड्यांना औषध कसं घ्यायचं ते खरोखर कळतं. धुळ्या-जळगावकडे अहिराणीचं तसंच.

एकच फार्मासिस्ट असलेल्या ग्रामीण रुग्णालयात जे दोघं पाठवायचे त्यातला एक तरी स्वतःहून विचारणारा हवा. फार्मासिस्ट बैठकीला गेले की खिडकीवर मुलांनी काय करायचं, हे त्या दिवशीच्या आधी ठरलेलं असावं. आमचं उत्तर ठरलेलं आहे : औषध द्यायचं नाही. बाजूला व्हायचं आणि ड्यूटीवरच्या डॉक्टरांना कळवायचं.

पाठवण्याआधीची तयारी

हिपॅटायटीस-बीची लस तीन डोसांची असते : आज, एक महिन्यानं, आणि पहिल्यापासून सहा महिन्यांनी. प्रशिक्षणाच्या आधी महिनाभर आठवण झाली तर उशीर झालेला असतो. दुसरं वर्ष सुरू होतानाच पहिला डोस द्यायला हवा.

त्यानंतर दोन दिवसांचा सराव. पहिला दिवस वाचनाचा. ओळखीच्या डॉक्टरांकडून नाव-गाव कापलेल्या खऱ्या चिठ्ठ्या मागवते, पन्नासेक, आणि मुलं त्या वाचून वहीत साफ उतरवतात : औषधाचं नाव, ताकद, स्वरूप, किती वेळा, किती दिवस. जे वाचता येत नाही तिथे प्रश्नचिन्ह. अंदाज करून लिहिणाऱ्याला मी थांबवते, प्रश्नचिन्ह टाकणाऱ्याला शाबासकी देते. खिडकीवर अंदाज बांधायची सवय लागली की ती जन्मभर सुटत नाही.

दुसरा दिवस बोलण्याचा. एकानं रुग्ण व्हायचं, एकानं फार्मासिस्ट. "टीडीएस आफ्टर फूड" असं सांगून भागत नाही. "सकाळी, दुपारी, रात्री, जेवण झाल्यावर एक-एक" असं सांगायचं. "अनशापोटी" म्हणजे चहाच्याही आधी, हे बोलून दाखवायचं. आणि शेवटी उलट विचारायचं : "आजी, आता मला सांगा बरं, ही पांढरी गोळी कधी घेणार?" आजींनी बरोबर सांगितलं तरच पुढचा केसपेपर.

सोबत सुईची माहिती द्या. सुई टोचली तर साबण-पाण्यानं धुवायचं, पिळायचं नाही, लगेच कॅज्युअल्टीत सांगायचं. एचआयव्ही-प्रतिबंधक औषध द्यायचं ठरलं तर ते जितक्या लवकर तितकं चांगलं, आणि ७२ तासांच्या आतच. भीतीनं लपवलेला दिवस परत मिळत नाही.

तीन महिन्यांचा आराखडा

पहिला आठवडा फक्त बघायचा. कपाटात औषधं कोणत्या क्रमानं आहेत, जुनी बॅच पुढे आणि नवी मागे का, इंडेंट कसं येतं, ऑनलाइन साठ्यात नोंद कशी होते.

दुसऱ्या आठवड्यापासून खिडकी, आणि तिथे एकच नियम : मूल केसपेपर वाचून औषध काढेल, फार्मासिस्ट तपासतील, मग मूल देईल आणि सांगेल. औषधांच्या सरकारी नियमांतही प्रिस्क्रिप्शनचं औषध नोंदणीकृत फार्मासिस्टनं किंवा त्यांच्या प्रत्यक्ष देखरेखीखालीच द्यायचं असतं. गर्दीत हा मधला टप्पा गळतो. तो गळू नये म्हणून मी मुलांना एक लहान ट्रे घेऊन देते. काढलेली औषधं केसपेपरसकट ट्रेमध्ये, ट्रे फार्मासिस्टच्या उजव्या हाताला. त्यांची नजर फिरल्याशिवाय ट्रे हलत नाही. ट्रे ऐंशी-शंभर रुपयांचा येतो, पण त्यानं तपासणी रोजच्या कामात बसून जाते.

खिडकीवर काय शिकायचं, याचं एकच उदाहरण जरा जवळून बघू, कारण असं एक नीट कळलं की मूल पुढची वीस स्वतः शोधतं. दहा किलोचं बाळ, ताप. डॉक्टरांनी पॅरासिटामॉल लिहिलं आहे, किलोला १५ मिलिग्रॅमच्या हिशेबानं १५० मिलिग्रॅम. कपाटात तीन बाटल्या आहेत. ५ मिलिलिटरला १२५ मिलिग्रॅमचं सिरप असेल तर द्यायचं ६ मिलिलिटर. ५ मिलिलिटरला २५० चं असेल तर ३. आणि १ मिलिलिटरला १०० मिलिग्रॅमचे ड्रॉप्स असतील तर फक्त दीड. आता समजा, आईला मागच्या वेळी "सहा मिली" सांगितलं होतं आणि आज सिरप संपलं म्हणून ड्रॉप्सची बाटली दिली. ती सहाच देईल. बाळाच्या पोटात जातील ६०० मिलिग्रॅम, चौपट. बाटली बदलली की मापही बदलतं, हे त्या आईला सांगणारं खिडकीमागे दुसरं कोणी नसतं. म्हणून माप तोंडानं सांगायचं, मापाच्या टोपीवर किंवा सिरिंजवर बोटानं रेघ दाखवायची आणि पाकिटावर लिहायचं. घरातला चमचा वापरू नका, हेही सांगायचं.

हाच धडा इन्सुलिनला लावा. मिलिलिटरला ४० युनिटच्या इन्सुलिनला लाल टोपीची सिरिंज, मिलिलिटरला १०० युनिटच्या इन्सुलिनला केशरी. अदलाबदल झाली तर डोस अडीचपट होतो, नाही तर अडीच पटीनं घटतो. सांधेवातासाठी दिलेली मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. "रोज एक" सांगितलं गेलं तर जिवावर बेततं, म्हणून पाकिटावर वाराचं नाव लिहायचं. मुलांच्या अँटिबायोटिकच्या कोरड्या सिरपमध्ये उकळून गार केलेलं पाणी रेघेपर्यंत घालायचं, हलवायचं, खाली बसलं की पुन्हा रेघेपर्यंत. पाणी घातल्यावर किती दिवसांत संपवायचं, ते बाटलीवर बघून सांगायचं आणि आईला एकदा स्वतः हलवून दाखवायला लावायचं.

पाचव्या-सहाव्या आठवड्यापासून दुपारचे तास वॉर्ड आणि स्टोअरला द्या. सिस्टरांच्या इंडेंटवरून औषध काढणं, परत आलेल्या औषधांची नोंद, आपत्कालीन ट्रॉलीतली औषधं आणि त्यांच्या मुदती. पोटॅशियम क्लोराइडचं १० मिलिलिटरचं अँप्युल मी मुलांना हातात धरायला लावते. ते दिसायला डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्युलसारखं, पण पातळ न करता शिरेत सोडलं तर हृदय थांबतं. ते वेगळं, ठळक खूण करून का ठेवायचं, हे पुस्तकातून तितकं पोहोचत नाही जितकं दोन अँप्युल शेजारी धरल्यावर पोहोचतं.

औषधाचे दुष्परिणाम नोंदवायलाही याच काळात शिकवा. गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडून चालणाऱ्या औषधसुरक्षा कार्यक्रमाचा फॉर्म कोणीही आरोग्यकर्मी भरू शकतो, मोफत क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे. रुग्णाची आद्याक्षरं व वय, संशयित औषध, काय झालं आणि कळवणारा कोण, एवढं असलं तरी नोंद सुरू होते. तीन महिन्यांत प्रत्येक मुलानं फार्मासिस्टच्या मदतीनं एक तरी फॉर्म भरावा, असा माझा आग्रह असतो. खिडकीशी कोणी म्हणालं, "त्या गोळीनं मागच्या वेळी अंगावर गांधी उठल्या होत्या," तर कान टवकारायचे. ते वाक्य केसपेपरवर नसतं.

वही

रोजची वही तीन ओळींची ठेवा : आज काय केलं, आज कुठे अडलं, ते कोणी सोडवलं. पानभर लिहायला लावलं की मुलं एकमेकांचं उतरवतात. आठवड्यातून एकदा "लक्षात राहिलेला केसपेपर", रुग्णाचं नाव न लिहिता. केसपेपरचे फोटो मोबाइलमध्ये घ्यायचे नाहीत, मैत्रिणीला दाखवायलाही नाहीत. या बाबतीत पहिल्या चुकीलाच मी पालकांना बोलावते.

खिडकीचे तास वेगळ्या रकान्यात लिहा आणि त्यावर फार्मासिस्टची आठवड्याची सही घ्या. शेवटच्या दिवशी एकदम घेतलेल्या सह्या एकाच शाईच्या असतात.

कॉलेज, विद्यार्थी आणि प्रशिक्षण देणारे यांच्यातल्या प्रशिक्षण-कराराचा फॉर्म तीन प्रतींत असतो. पहिला भाग कॉलेजचे प्रमुख भरतात, दुसरा विद्यार्थी, तिसरा प्रशिक्षण देणारे. पहिली प्रत प्रशिक्षण सुरू होतानाच कॉलेजकडे जमा झाली पाहिजे. संपल्यावर प्रशिक्षण देणारे चौथा भाग भरतात, कॉलेज पाचवा, आणि दोन प्रती मुलाच्या हातात. महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीला हाच कागद लागतो. माझ्या अनुभवात अडचण येते ती तीनच जागी : प्रशिक्षण देणाऱ्यांचा नोंदणी क्रमांक चुकीचा किंवा नूतनीकरण न झालेला, सुरुवातीची तारीख परीक्षा संपण्याच्या आधीची, आणि रुग्णालयाचा शिक्का एका प्रतीवर आहे, दोनवर नाही. सुरुवातीलाच मार्गदर्शकांच्या नोंदणीच्या प्रमाणपत्राची झेरॉक्स घेऊन ठेवली तर पहिली अडचण उरत नाही.

भेटी, आणि जे कोणी बोलत नाही ते

दुसऱ्या, सहाव्या आणि दहाव्या आठवड्यात मी जातेच, दिवस न कळवता. हजेरीपट बघते, पण त्याआधी मुलाला विचारते, "परत डॉक्टरांकडे पाठवलेला एखादा केसपेपर सांग." दहा आठवड्यांत एकही सांगता आला नाही तर मूल खिडकीवर नव्हतं, किंवा होतं पण वाचत नव्हतं. मग फार्मासिस्टशी एकांतात, चहा घेताना बोलायचं. तक्रारीच्या सुरात नाही. त्यांना विद्यार्थ्यांसाठी वेगळा पगार मिळत नाही, ते आपल्यावर उपकारच करत असतात.

मुलींना त्रास झाला तर कोणाला फोन करायचा, हे पहिल्या दिवशी सगळ्यांसमोर सांगा. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा प्रशिक्षणार्थींनाही लागू होतो, आणि रुग्णालयाच्या अंतर्गत तक्रार समितीची माहिती त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर असावी. अशी तक्रार आली तर त्याच दिवशी ठिकाण बदला आणि तिचे झालेले तास लेखी घ्या. तास बुडतील या धास्तीनं मुली गप्प राहतात.

आणि एक गोष्ट स्पष्टच लिहिते. ओळखीच्या दुकानातून सही-शिक्का आणायचा, मूल तीन महिने घरी किंवा दुसऱ्या नोकरीवर, ही पद्धत कुठे-कुठे आहे हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. पालकच मागणी करतात : "मॅडम, एवढं करून द्या, घरची परिस्थिती अशी आहे." परिस्थिती खरी असते. अशा मुलाला मी घराजवळचं ठिकाण शोधून देते, चौथा महिना देते, कामाच्या वेळेशी जुळेल अशी पाळी मिळते का ते बघते. खोटे तास देत नाही. कारण वर्षभरानं ते मूल कुठल्या तरी खिडकीमागे एकटं उभं असणार आहे, आणि समोर ड्रॉप्सची बाटली घेऊन ती आई.

बी.फार्म. आणि फार्म.डी.

बी.फार्म.ला सहाव्या सत्रानंतर चार आठवड्यांत १५० तासांचं प्रशिक्षण उद्योगात किंवा रुग्णालयात करता येतं. रुग्णालय निवडणारे थोडे असतात, त्यांना स्टोअर आणि औषध माहितीच्या कामाला जोडा. दीडशे तासांत खिडकी शिकून होत नाही.

फार्म.डी.चं गणित वेगळं. २००८ च्या विनियमांप्रमाणे किमान ३०० खाटांचं रुग्णालय स्वतःचं किंवा जोडलेलं लागतं. दुसऱ्या, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी दरवर्षी किमान ५० तास रुग्णालयात, पाचव्या वर्षी रोज सकाळचा अर्धा दिवस वॉर्ड राउंडला, आणि सहावं वर्ष पूर्ण इंटर्नशिप : सहा महिने जनरल मेडिसिन, मग तीन वेगळ्या विभागांत दोन-दोन महिने. इथे खिडकीपेक्षा डॉक्टरांशी असलेलं नातं महत्त्वाचं. राउंड सुरू होण्याआधी विद्यार्थ्यानं आपल्या पाच-सहा रुग्णांचे चार्ट वाचलेले असावेत आणि एकच प्रश्न, पण नेमका, तयार असावा : "सर, क्रिएटिनिन वाढलंय, या अँटिबायोटिकचा डोस कमी करायचा का?" (क्रिएटिनिन वाढणं ही मूत्रपिंडाचं काम मंदावल्याची खूण.) असे चार प्रश्न बरोबर आले की युनिटचे डॉक्टर स्वतःहून विचारू लागतात. राउंडला आठ जणांचा घोळका नेऊ नका. एका युनिटला दोन पुरेत.

संपताना

शेवटच्या आठवड्यात मूल आणि फार्मासिस्ट दोघांकडून एक-एक पान लिहून घ्या : काय मिळालं, काय राहिलं. फार्मासिस्टच्या पानावरून पुढच्या वर्षीचा आकडा ठरवा. आभाराचं पत्र साहेबांच्या नावानं द्या, पण त्यात खिडकीवर शिकवणाऱ्यांची नावं लिहा. सरकारी नोकरीत असं पत्र त्यांच्या फाइलला लागतं, आणि पुढच्या वर्षी तुम्ही दारात दिसलात की त्यांना ते आठवतं. कराराच्या तिन्ही प्रती टेबलावर पसरून शिक्के मोजा, मगच त्यातल्या दोन मुलाच्या हातात द्या. नवं दुसरं वर्ष तोवर सुरू झालेलं असतं. त्याच आठवड्यात त्यांच्या हिपॅटायटीस-बीच्या पहिल्या डोसाची तारीख लावून टाका.